हवा कोणी घडविली?

मंडळी, हवेत ढोबळ मानाने चार हिस्से नत्रवायू आणि एक हिस्सा प्राणवायू असतो, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मास्तरांनी फळ्यावर लिहिले, आपण वहीत उतरविले आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो. पण हा एक हिस्सा प्राणवायू मुळात आला कोठून, असे मास्तरांना विचारणारा मुलगा विरळा. पृथ्वी जणू प्राणवायूचे गाठोडे काखेत मारूनच जन्माला आली, अशी आपली समजूत असते.

ती खरी नाही. पृथ्वीचे दोन शेजारी, शुक्र आणि मंगळ, यांच्याकडे पाहा. दोघांच्याही हवेत शंभर भागांपैकी पंचाण्णवच्या आसपास भाग कर्बवायूचे आहेत. कर्बवायू म्हणजे पाठ्यपुस्तकातला कार्बन डायऑक्साइड. मी आपला सुटसुटीत शब्द वापरतो. मोकळा प्राणवायू तेथे जवळजवळ नाहीच. पृथ्वीच्या हवेतही आरंभीची कोट्यवधी वर्षे तो नव्हता. मग तो आला कसा आणि टिकला कसा? या प्रश्नाचा माग काढता काढता एक मोठी गोष्ट माणसाच्या ध्यानात आली. हवा आणि माती हे जीवसृष्टीला आयते मिळालेले घर नव्हे. राहणाऱ्यांनीच ते बरेचसे बांधले. आणि बदललेल्या घराने पुन्हा राहणाऱ्यांना बदलले. ही देवघेव कशी चालते, तेच आज आपण पाहू.

प्राणवायूचा स्वभाव असा की, तो एकटा राहत नाही. पावसाळ्यात विळा अंगणात विसरला तर चार दिवसांत त्याला तांबेरा चढतो. म्हणजे हवेतल्या प्राणवायूने लोखंडाशी सोयरीक केली. चुलीत लाकूड जळते, उकिरड्यावर पालापाचोळा कुजतो, आपण श्वास घेतो, तेव्हा दर वेळी प्राणवायू खर्च होतो. हवा म्हणजे तळाला गळती असलेला हौद आहे म्हणा ना. गळती चालू असून हौद भरलेला दिसतो, याचा अर्थ कोणीतरी सतत पाणी ओतीत आहे.

हे ओतणारे कोण, याचा सुगावा इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली या गृहस्थांना १७७१ साली लागला. बंद काचपात्रात मेणबत्ती जळून विझली, की त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नाही. प्रीस्टली यांनी अशा विझलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती छान जळली. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरांनी दाखवून दिले की, ही करामत वनस्पतीचा हिरवा भागच करतो आणि तीही उजेडातच. सूर्यप्रकाशाच्या बळावर हिरवे पान पाणी आणि कर्बवायू यांपासून आपले अन्न करते आणि प्राणवायू बाहेर टाकते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात करून दाखविण्यासारखा आहे. तळ्यातली पाणवनस्पती काचेच्या भांड्यात घ्या, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, तिच्यावर नरसाळे उपडे ठेवा आणि नरसाळ्याच्या तोंडावर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घाला. भांडे उन्हात ठेवले की बुडबुडे येतील, सावलीत नेले की मंदावतील. नळीत पुरेसा वायू साठल्यावर धुमसती काडी आत घातली की ती पुन्हा भगभगते. मुलांना हे व्याख्यानापेक्षा जास्त समजते.

आता कोणी म्हणेल, एवढेच ना? झाडे प्राणवायू सोडतात, संपला विषय! नाही मंडळी, खरी गंमत येथून पुढे आहे. झाडाने जन्मभर प्राणवायू सोडला, हे खरे. पण ते झाड वठून कुजले किंवा सरपण म्हणून जळले, की त्याचा कर्ब पुन्हा प्राणवायूशी संयोग पावतो आणि कर्बवायू होऊन हवेत जातो. जितके जमा तितकेच खर्च. मग शिल्लक कोठून पडणार? शिल्लक पडते ती एकाच रीतीने. मेलेल्या वनस्पतीचा थोडासा भाग कुजण्याआधीच गाळात, चिखलात, समुद्राच्या तळाशी गाडला गेला पाहिजे. जेवढा कर्ब जमिनीत पुरला गेला, तेवढ्याच्या जोडीचा प्राणवायू हवेत मोकळा राहिला. हवेतली बाकी आणि भूगर्भातली बाकी या एकाच खतावणीच्या दोन बाजू आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून आपण ते सारे आयुष्य आपल्या एका वर्षात बसवू. गुढीपाडव्याला पृथ्वी जन्मली आणि फाल्गुनी अमावास्येची मध्यरात्र म्हणजे आजचा क्षण. या हिशेबाने एक दिवस म्हणजे सव्वा कोटी वर्षे होतात.

ज्येष्ठ महिना संपत आला, तेव्हाच्या खडकांत सूक्ष्म जीवांच्या वसाहतींच्या खुणा सापडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात असे सुमारे ३४५ कोटी वर्षांपूर्वीचे थरावर थर चढलेले दगड आहेत. त्याच प्रांतातील शार्क बे येथे उथळ समुद्रात तशाच वसाहती आजही वाढताना पाहता येतात. या कुळातील जे जीव उन्हाच्या बळावर पाणी फोडून प्राणवायू सोडायला शिकले, त्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. नाव शेवाळ असले, तरी खरे म्हणजे ते जिवाणू आहेत. भातशेती करणाऱ्यांना ते अपरिचित नाहीत. खाचरात नत्र देणारे खत म्हणून हेच शेवाळ सोडतात. डोळ्यांना एकटादुकटा दिसणार नाही एवढा हा जीव, पण आपली हवा घडविण्याची सुरुवात त्याने केली.

आरंभी त्याने सोडलेला प्राणवायू हवेपर्यंत पोचतच नव्हता. त्या काळच्या समुद्रात विरघळलेले लोखंड विपुल होते. प्राणवायू भेटला की ते गंजून तळाशी बसे. एक थर लोखंडाचा, एक थर गारेचा, असे पट्ट्यापट्ट्यांचे खडक जगभर तयार झाले. हे खडक घडण्यात सूक्ष्म जीवांचा मोठा हात असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आणि हे खडक पाहायला ऑस्ट्रेलियास जावयास नको. गोव्यात डिचोली आणि सांगे भागांतील लोहखनिज हे अशाच पट्टेदार खडकांतले आहे. गोव्याच्या डोंगरातले लोखंड म्हणजे प्राचीन समुद्राचा गंज, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

समुद्रातले लोखंड आणि प्राणवायू शोषणारे ज्वालामुखींचे वायू यांची भूक भागू लागली, तेव्हा कोठे प्राणवायू हवेत साठू लागला. ही गोष्ट सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या वर्षात तेव्हा भाद्रपदाचा उत्तरार्ध चालू होता, म्हणजे निम्मे वर्ष सरत आले होते!

तुम्हांला वाटेल, सर्वत्र आनंदीआनंद झाला असेल. उलट झाले. तोवरच्या पुष्कळशा जीवांना प्राणवायू हे विषच होते. त्यांना उघड्या जागा सोडून चिखलात आणि गाळात, जेथे हवा पोचत नाही तेथे, दडावे लागले. त्या जुन्या राहणीचे जीव आजही आपल्या शेजारी नांदत आहेत, बरं का! गोबरगॅसच्या टाकीत शेणापासून जळाऊ वायू करणारे सूक्ष्म जीव हे त्याच जातीचे. गाईच्या पोटात आणि भातखाचराच्या चिखलातही तेच असतात. टाकीत हवा शिरली की वायू कमी का होतो, याचे उत्तर इतके जुने आहे.

पण एकाचे विष ते दुसऱ्याचे बळ. प्राणवायूच्या मदतीने तेवढ्याच अन्नातून कितीतरी जास्त शक्ती मिळते. ती शक्ती वापरणारे जीव निपजले आणि त्यांच्याच वंशात पुढे आपल्यासारखे चालणारे-बोलणारे प्राणी झाले. शिवाय प्राणवायूपासून उंच आकाशात ओझोन वायूचा पडदा तयार झाला. सूर्याच्या जाळणाऱ्या अतिनील किरणांना तो अडवितो. म्हणून जीव पाण्याबाहेर यायला धजले. वनस्पती जमिनीवर आल्या त्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या वर्षातल्या माघ महिन्यात. तोवर सारी जमीन उघडी आणि बोडकी होती.

जमिनीवर येताच वनस्पतींनी दगडाला हात घातला. सह्याद्रीच्या कातळावर राखी-हिरवे दगडफूल आपण पाहतो. तेच मसाल्यात घालतो. हे दगडफूल आम्ल पाझरवून कातळ हळूहळू विरघळविते. झाडांची मुळे भेगांत शिरून दगड फोडतात. दगड असा झिजताना पावसाच्या पाण्यातला कर्बवायू त्यात अडकतो आणि विरघळून नदीवाटे समुद्रात जातो. तेथे शंखशिंपल्यांच्या कवचांतून त्याची चुनखडी होते. हवा तापली की ही झीज वाढते, कर्बवायू कमी होतो आणि पृथ्वी पुन्हा निवते. पृथ्वीला तोल सावरण्याची ही जी शक्ती आहे, ती खरी आहे. पण तिचे काम लाखो वर्षांच्या संथ गतीने चालते.

याच काळात अफाट जंगले वाढली, दलदलीत कोसळली आणि न कुजता गाळाखाली गाडली गेली. त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या वर्धा खोऱ्यातील खाणींचा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच वनांचा आहे. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे आपल्या देशातील कोळशाच्या थरांसोबत आढळतात. आपल्या वर्षात तेव्हा फाल्गुन लागला होता आणि होळी अजून यायची होती. कर्ब भरपूर पुरला गेला, तेव्हा खतावणीची दुसरी बाजूही वाढली. त्या सुमारास हवेतला प्राणवायू आजच्याहून बराच जास्त होता, आणि पंखांचा पसारा दोन फुटांहून अधिक असलेले चतुरासारखे कीटक उडत होते.

निसर्गाने एकदा हा पुरलेला कर्ब अवचित उकरूनही पाहिला आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हारसाचे प्रचंड लोट उसळले आणि ते कोळशाच्या व चुनखडीच्या थरांतून घुसले. कर्बवायू बेसुमार वाढला, समुद्र तापले, पाण्यातला प्राणवायू घटला आणि समुद्रातील बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या. पृथ्वी त्यातून सावरली. पण त्याला लक्षावधी वर्षे लागली, आणि गेलेल्या जाती काही परत आल्या नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. माणूस आजच्या रूपात पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षे झाली. आपल्या वर्षातला तो शेवटचा अर्धा तास. आणि वाफेच्या यंत्रापासून आजपर्यंत आपण दगडी कोळसा आणि खनिज तेल धडाक्याने जाळीत आलो, तो काळ भरतो अवघे दोन सेकंद. कित्येक दिवसांची पुरलेली पुंजी आपण दोन सेकंदांत उकरून पेटवीत आहोत.

माझे विद्यार्थी येथे मला विचारतात, "सर, मग प्राणवायू संपेल का?" नाही, तसे भय नाही. पानातला भात आणि मीठ यांचा दाखला घ्या. हवेच्या दहा लाख भागांत प्राणवायूचे दोन लाखांहून जास्त भाग आहेत; तो झाला भात. चार शिते इकडची तिकडे झाली तर कळतही नाही. कर्बवायू मात्र मिठासारखा. यंत्रयुगापूर्वी तो दहा लाखांत २८० भाग होता. मिठाची चिमूट दीडपट झाली, की सगळ्या जेवणाची चव बिघडते.

या चिमटीचे काम मोठे आहे. हवेतली वाफ आणि कर्बवायू यांची जणू एक घोंगडी पृथ्वीने पांघरली आहे. ती नसती, तर पृथ्वीचे सरासरी तपमान शून्याखाली १८ अंश असते; तिच्यामुळे ते १५ अंशांच्या आसपास राहिले. घोंगडी हवीच, पण वैशाखात तिच्यावर दुसरी घालणे कोणी शहाणपणाचे म्हणणार नाही.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ सालच्या मार्चमध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ या डोंगरावर कर्बवायू मोजण्यास प्रारंभ केला. तेव्हा तो ३१५ भागांच्या आसपास होता. २०२४ साली तो ४२० भागांच्या वर गेला. अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे तपासले आहेत. यंत्रयुगापूर्वीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या वर गेलेला आढळत नाही.

कीलिंग यांच्या नोंदींत आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. दर वर्षी कर्बवायू मे महिन्यापर्यंत थोडा चढतो आणि सप्टेंबरपर्यंत उतरतो. पृथ्वीच्या उत्तरार्धात जमीन जास्त, म्हणून झाडोराही जास्त. उन्हाळ्यात तिकडची अरण्ये आणि पिके हिरवीगार झाली, की ती कर्बवायू ओढून घेतात. हिवाळ्यात पाने कुजली, की तो परत सोडतात. साऱ्या पृथ्वीची छाती वर्षातून एकदा वरखाली होताना कागदावर उमटते म्हणा ना. मात्र दर वर्षीचा श्वास आदल्या वर्षाहून वरच्या पायरीवर सुरू होतो. त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी पुढे प्राणवायूही काटेकोर मोजला. दहा लाखांत चारेक भाग, एवढा तो दर वर्षी घटतो आहे. म्हणजे खतावणीच्या दोन्ही बाजू जुळल्या.

याचा आमच्या शेताशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पावसाचा आहे. हवा जितकी गरम, तितकी ती जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग एकदम ओतते. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हंगामाचा एकूण पाऊस मात्र त्याच टापूत घटत गेला. पाऊस थोडा आणि पडेल तेव्हा धो धो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला काय झोंबते, ते मी तुम्हांला सांगायला नको. या कर्जाचा फार थोडा भाग खेड्यातल्या चुलीने केलेला आहे. बराचसा कारखाने, वीजकेंद्रे आणि मोटारी यांचा, आणि त्यातही सधन देशांचा आहे. व्याज मात्र सर्वांच्या बांधावर येऊन पोचले आहे.

जाणूनबुजून तोल सांभाळणे हे नील-हरित शेवाळाच्या हाती नव्हते. त्याला काय करतो आहोत ते कळतच नव्हते. आपल्याला कळते, एवढा फरक आहे. ओझोनचा पडदा काही कारखानी वायूंमुळे विरतो आहे, हे अंटार्क्टिकावर १९८५ साली ध्यानात आले. १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार करून ते वायू हळूहळू बंद केले. आता तो पडदा सावरू लागला आहे. तेव्हा शहाणपण अगदीच दुर्मिळ नाही. कोळशाचे काम त्याहून अवघड आहे, कारण त्यावर साऱ्या जगाचा संसार चालतो. पण दिशा तीच.

ज्यात आपला स्वतःचा हात चालतो, अशी एक जागा आहे. ती म्हणजे पायाखालची माती. सगळ्या जगाच्या मातीत जेवढा कर्ब आहे, तेवढा हवा आणि सारी झाडेझुडपे मिळूनही नाही. मातीही जीवांनीच घडविली. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा अंदाज चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली दिला होता. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे आपले वाडवडील सांगत, त्यामागचे कारण हे. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. तो आकडा वाढला, तर माती पाणी धरते आणि मुळांना ओल मिळते. उसाचे पाचट पेटविले, तर त्यातला कर्ब तासाभरात हवेत जातो. तेच सरीत कुजविले, तर पुष्कळसा कर्ब जातोच, पण थोडा मातीत राहतो. आणि हा 'थोडा' वर्षानुवर्षे साठत जातो. भाद्रपदापासून पृथ्वीने याच 'थोड्या'वर एवढी पुंजी जमविली, हे विसरू नका.

शेवटी शिक्षकांसाठी आणखी एक सोपा प्रयोग सांगतो. वर्षानुवर्षे गवताखाली असलेल्या बांधावरचे एक ढेकूळ घ्या आणि त्याच शिवारातल्या, सतत नांगरलेल्या व पाचट किंवा धसकटे जाळलेल्या रानातले दुसरे घ्या. दोन्ही सावलीत वाळवून पाण्याच्या दोन ग्लासांत, जाळीवर अलगद ठेवा. बहुधा रानातले ढेकूळ लवकर विरघळून पाणी गढूळ करील. बांधावरचे पुष्कळ वेळ तग धरील, कारण मुळांनी, बुरशीच्या धाग्यांनी आणि कुजलेल्या पाल्याने त्याचे कण एकत्र बांधलेले असतात. मग मुलांना विचारा, "शिवार एक, दगड एक, पाऊस एक. मग हा फरक कोणी केला?" उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्या.